घरातलं खातेवाटप: शाळा बंद, मावशी बंद, ऑफिस मात्र चालू

२५ मार्च २०२०, गुढीपाडवा. आदल्या रात्री आठ वाजता एकवीस दिवसांच्या लॉकडाउनची घोषणा झाली, तेव्हा श्रीखंडाचा चक्का फडक्यात बांधून नळाला टांगलेला होता. सकाळी गुढी उभारली. साखरेच्या गाठी कुठे मिळाल्या नाहीत, म्हणून मुलीने कागदाच्या कापून रंगवल्या. सुट्टी असूनही साहेबांचा फोन आला, "घरून लॉगइन होतंय का, आजच बघून ठेवा." मी इस्त्रीचं टेबल उघडून त्यावर लॅपटॉप ठेवला. ते टेबल पुढचे दहा-अकरा महिने मिटलं नाही.

आमचा डोंबिवलीत वन बीएचके. माणसं पाच: मी (विमा कंपनीत क्लेमचं काम), नवरा (खासगी कंपनीत डिझाइनला), आठवीतला मुलगा, पहिलीतून दुसरीत गेलेली मुलगी आणि सासूबाई. केर-फरशी-भांड्यांना एक मावशी, पोळ्यांना दुसऱ्या. शाळा, मावशी आणि लोकल, तिन्ही गोष्टी जवळपास एकाच आठवड्यात गेल्या. गर्दी असो, घाम असो, लोकलमधला तो सव्वा तास माझा एकटीचा होता, हे तो गेल्यावर कळलं.

पहिल्या महिन्यात माझा पार बोऱ्या वाजला. दुसऱ्या महिन्यापासून आम्ही घर जरा शिस्तीत लावायला घेतलं, चुकत-माकत. त्यातून जे टिकलं ते इथे पायरीपायरीने देते आहे. साथ पुन्हा येवो न येवो. मुलाला कांजिण्या झाल्या किंवा मावशी दीड महिना गावी गेल्या तरी घरात छोटं लॉकडाउन लागतंच.

पहिली पायरी: तीन दिवस वही ठेवा

भांडायच्या आधी मोजा. शंभर पानी वही घ्या, ओट्याजवळ दोरीने पेन टांगा आणि तीन दिवस घरात जो जे करेल ते त्याने लिहायचं. काम, किती मिनिटं, कोणी. दोन दिवस कामाचे आणि एक रविवार. ॲप वगैरेच्या नादी लागू नका, ओल्या हाताने फोन उघडत नाही.

एक रकाना मात्र जास्तीचा आखा: "कोणाच्या लक्षात आलं?" आमच्या वहीतलं एक पान अजून माझ्याकडे आहे. त्यावर नवऱ्याच्या अक्षरात "गॅस सिलिंडर लावला, १० मि." असं आहे आणि शेवटच्या रकान्यात माझं नाव. पुढची ओळ, "आईंच्या बीपीच्या गोळ्या आणल्या, ४० मि. (रांग)". शेवटी पुन्हा माझंच नाव. दूध, रेशन, मुलीच्या वर्गाची लिंक, सगळीकडे तेच. कामं तो करत होता, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक कामाआधी ते माझ्या डोक्यात उगवत होतं आणि मी ते त्याला सांगत होते. क्लेमची फाइल वाचताना माझ्या डोक्यात एकीकडे बिलं आणि दुसरीकडे "तूरडाळ दोन दिवसांची उरलीय" असं चालू. दमणूक त्याने होत होती.

हे आपल्याच घरात आहे असंही नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं होतं. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. मुळात त्या दिवशी काही ना काही घरकाम केलेल्या बायका ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के होते. याच मालिकेतलं पुढचं सर्वेक्षण २०२४चं. त्यात बायका २८९ मिनिटांवर आल्या आणि पुरुष ८८वर. वजाबाकी करून बघा. आधीचं अंतर २०२ मिनिटं, नंतरचं २०१. मध्ये अख्खी महासाथ येऊन गेली आणि अंतर कमी झालं एका मिनिटाने. आणि यात लक्षात ठेवण्याची मिनिटं कोणी मोजलेली नाहीत.

तीन दिवसांनी वही सगळ्यांसमोर उघडा. पोटं भरलेली असताना, शक्यतो रविवारी दुपारी. वाचून दाखवा आणि गप्प बसा. "बघ, मी म्हणत नव्हते?" हे वाक्य गिळा. फार जड जातं, पण गिळा.

दुसरी पायरी: वाटण्याआधी कामं कमी करा

इथे बहुतेक जणी चुकतात, मीही चुकले. घरात आधीच जी शंभर कामं चालू आहेत ती तशीच पाच जणांत वाटायला बसलात तर सगळेच दमतील आणि आठवड्यात ती मुकाट तुमच्याकडे परत येतील. आधी कात्री लावा.

आम्ही काय बंद केलं: इस्त्री पूर्ण बंद (टेबलच अडकलं होतं). रोजची फरशी एक दिवसाआड, केर मात्र रोज. चादरी आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी. चहाचे कप माणशी एक, त्यावर नेलपॉलिशने नाव. भांड्यांचा निम्मा ढीग तिथेच आटला. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या ताटल्या माळ्यावर गेल्या, येणार कोण होतं?

आणि पोळी. पाच माणसं, दोन वेळा, माणशी तीन म्हणजे रोज तीस पोळ्या. पोळ्यांच्या मावशी नसताना हे तास-सव्वातासाचं उभं काम. मराठी घरात रात्रीच्या पोळीला हात लावणं म्हणजे घटनादुरुस्तीच. आठवडाभर चर्चा चालली, सासूबाईंनी "माझं काय, मला भातही चालतो" म्हणत दोन वेळा रुसून घेतलं, पण ठराव मंजूर झाला. रात्री पोळी नाही. खिचडी, पिठलं-भात, वरणफळं, थालीपीठ, मसालेभात. या पाचांतलं एक. त्याने जो अर्धा-पाऊण तास हाती आला, तो दुसऱ्या कुठल्याच युक्तीने आला नसता.

तिसरी पायरी: काम देऊ नका, खातं द्या

लॉकडाउनच्या पहिल्या महिन्यात माझा नवरा म्हणजे बिनखात्याचा मंत्री होता. शपथ घेतलेली, उत्साह दांडगा, खातं मात्र एकही नाही. "सांग ना, काय करू?" असं तो दर तासाला विचारायचा. मी सांगायचे, "कांदा चिर." मग, "किती? बारीक की उभा? सुरी कुठली?" एकदा मी हेडफोन लावून हॉस्पिटलशी बिलावरून बोलत होते. समोर दारात हा उभा राहून हाताने मिठाची खूण करतोय, चिमूट सोडल्यासारखी. मला कळेना. मग त्याने पाटीवर लिहून दाखवलं: "मीठ किती?" तिकडचा माणूस "मॅडम, ऐकताय ना?" म्हणतोय.

त्या रात्री ठरलं की मदत हा शब्द घरातून हद्दपार करायचा. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. खातं ज्याचं, त्याने त्याचे चारही भाग सांभाळायचे: लक्षात ठेवणं, काय-किती-कधी ते ठरवणं, प्रत्यक्ष करणं आणि मागची आवराआवर. कपड्यांचं खातं घेतलं तर साबण संपत आलाय हे त्यालाच दिसलं पाहिजे, मशीन त्यानेच लावायची, वाळलेले त्यानेच काढायचे आणि घड्या ज्याच्या त्याच्या कप्प्यात गेल्याशिवाय काम संपलं असं म्हणायचं नाही. मशीन लावून "झालं" म्हणणं म्हणजे नारळ फोडून उद्घाटन केलं आणि पूल बांधलाच नाही.

आमचं वाटप असं ठरलं. नवरा: दूध-भाजी-किराणा, कपडे, सकाळचा नाश्ता. मी: दुपारचा स्वयंपाक, मुलीची शाळा, औषधं आणि दवाखाना. मुलगा: रात्रीची भांडी, पिण्याचं पाणी, कचरा. मुलगी: पानं घेणं, मोजे-रुमालांच्या जोड्या लावणं, झाडांना पाणी. सासूबाई: रात्रीचा स्वयंपाक, तोही त्यांनी स्वतः मागून घेतला. केर-फरशीचं खातं कोणालाच नको होतं, ते आठवड्याच्या पाळीने फिरत राहिलं.

खातं देताना दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या. एक, किमान दर्जा. उदाहरणार्थ, घरात दोन दिवसांचं दूध कायम असलं पाहिजे. भांडी रात्री दहापर्यंत पालथी पडली पाहिजेत. गणवेश नसला तरी ऑनलाइन वर्गाला सदरा धुतलेला हवा. दोन, त्या दर्जाच्या वर देणाऱ्याने काहीही बोलायचं नाही. घडी उलटी घातली, टॉवेल रंगाप्रमाणे लावले नाहीत, भाजी तुमच्यापेक्षा दहा रुपये महाग आणली, गप्प. हे नवऱ्यासाठी नाही, आपल्यासाठी लिहिलंय. मी स्वतः तीन वेळा भांडी पुन्हा घासताना पकडले गेले. तिसऱ्या वेळी मुलगा म्हणाला, "आई, मग तूच घे की खातं." त्याचं बरोबर होतं.

पहिले पंधरा दिवस गडबडी होणारच, धरून चाला. सोसायटीच्या ग्रुपवर थेट शेतकऱ्याकडून भाजी मागवायची होती. आमच्या पुरवठामंत्र्यांनी "बटाटा ५" लिहिलं. त्याच्या मनात पाच नग होते, आले पाच किलो. दहा दिवस बटाट्याची भाजी, बटाट्याचा रस्सा, बटाट्याचे पराठे. मी मध्ये पडले नाही. अकराव्या दिवसापासून त्याने एकक लिहायला सुरुवात केली.

आता सासूबाई. "माझ्या मुलाने कधी भांडं उचललं नाही" हे वाक्य बहुतेक घरांत येतं. रागाने नाही तर कळवळ्याने येतं. त्यावर वाद घालून काही हाती लागत नाही. मी एवढंच केलं की त्यांना मान असलेलं खातं दिलं आणि त्यात ढवळाढवळ केली नाही. नातवाला भांडी घासताना पाहून त्या पहिले चार दिवस उठून उभ्या राहायच्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "अरे, कढईला आधी राख... नाही, तुमची ती तारेची घासणी लाव." तिथे लढाई संपली. अर्थात सगळ्या घरांत ती अशी संपत नाही. वाटपाच्या नुसत्या विषयावर शिवीगाळ किंवा हात उगारणं होत असेल तर हा लेख बाजूला ठेवा. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२.

चौथी पायरी: एका वेळी विकेटकीपर एकच

दोन मोठी माणसं घरात असली की दोघांनाही वाटतं, दुसरा बघतोय. किंवा दोघंही अर्धवट बघत असतात आणि दोघांचंही काम होत नाही. त्यामुळे दिवसाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यात मुलांच्या हाकेला ओ देणारा माणूस एकच ठेवा. आमच्याकडे ड्यूटीवरच्या माणसाच्या गळ्यात मुलीचं शाळेचं जुनं ओळखपत्र असायचं. कल्पना तिचीच. केळं हवं असलं तरी ती आधी पट्टी कोणाच्या गळ्यात आहे ते बघायची. मुलं नियम मोडतात तो बहुधा नियम दिसत नाही म्हणून.

आमचा दिवस साधारण असा बसला:

सकाळी पावणेसहा ते सव्वाआठ माझं डोकं लागणारं काम, घर शांत. त्या वेळात नवरा दूध, चहा, नाश्ता, मुलांना उठवणं. सव्वाआठ ते दहा मी घरात, तो अंघोळ आणि मेल. दहा ते एक त्याच्या मीटिंगा, ओळखपत्र माझ्या गळ्यात. मी स्वयंपाक आणि हातासरशी होणारी कामं करायचे, मेलना उत्तरं, आकड्यांची नोंद. दोन ते पाच बेडरूमचं दार लावून मी, ओळखपत्र त्याच्याकडे. पाचनंतर जे उरेल ते.

तुमचं वेळापत्रक वेगळं असेल. पण प्रत्येक मोठ्या माणसाला दिवसातून निदान एकदा अडीच-तीन तास सलग मिळाले पाहिजेत, यावर तडजोड नको. वीस-वीस मिनिटांच्या दहा तुकड्यांत क्लेमची फाइल होत नाही, फक्त चुका होतात. रविवारी रात्री दोघांनी कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवायचं आणि कुठे मीटिंगवर मीटिंग आदळतेय ते बघायचं. आदळली, तर कोणाची हलवायची? आमच्याकडे पहिले कित्येक आठवडे माझीच हलत होती, कोणी न ठरवता. मग आळीपाळी लावली.

आणि सकाळचे पावणेसहा गाठायचे असतील तर रात्री अकराला दिवा मालवायचा. मी दोन आठवडे दोन्ही टोकांनी वेळ ओढून पाहिला आणि एका क्लेमवर शून्य जास्त टाकलं. साहेबांच्या नजरेत आलं म्हणून वाचले.

पाचवी पायरी: रविवारचे दोन तास ओट्यापाशी

ही पायरी मला सर्वांत आवडते, म्हणून जरा लांबण लावते. दोन माणसांनी मिळून दोन तास दिले तर आठवडाभर रोजचा पाऊण तास वाचतो. एकटीने करू नका, नाहीतर रविवारही गेला.

शनिवारी रात्री मटकी किंवा मूग भिजत घाला, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. सोमवारी मोड तयार. चार मोठे कांदे उभे चिरून आणि वाटीभर सुकं खोबरं किसून खमंग भाजा, गार झाल्यावर आलं-लसूण घालून कमीत कमी पाण्यात वाटा. हे वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये भरा. घट्ट झालं की चौकोन काढून डब्यात. उसळीला दोन चौकोन, आमटीला एक. पाणी जास्त झालं तर बर्फ जास्त आणि चव कमी, एवढं लक्षात ठेवा.

अर्धा किलो दाणे भाजून कूट. अर्धा किलो रवा मंद आचेवर कोरडा भाजून बरणीत, म्हणजे उपमा बारा मिनिटांत. दोन गड्डे लसूण सोलून. हे मुलांचं काम, टीव्हीसमोर बसून होतं. मिरच्यांचे देठ काढून. कोथिंबीर निवडून न धुता कागदात गुंडाळून डब्यात. धुतलीत तर बुधवारी चिखल.

कणीक रात्री मळून, वरून तेलाचा हात लावून, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळी वीस मिनिटं वाचतात. दुसऱ्या दिवशीच संपवा. जास्त ठेवली की काळी पडते आणि पोळी चिवट होते. कुकरचे तीन डबे रोज भरा: खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटे किंवा दुधीच्या फोडी. एका शिजवण्यात वरण, भात आणि भाजीची अर्धी तयारी.

भाजणी, मेतकूट आणि आमसुलं घरात असली की अडल्या दिवशी निभावतं. गरम मऊ भात, मेतकूट, तूप, भाजलेला पापड. यालाही स्वयंपाकच म्हणतात, आणि त्या दिवशी स्वतःला दोष देत बसायचं नाही.

सहावी पायरी: मुलं आणि शाळा

मध्ये काही ठिकाणी थोडे दिवस वर्ग भरले ते सोडले, तर महाराष्ट्रातल्या शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग सगळीकडे उघडायला ४ ऑक्टोबर २०२१ उजाडला, लहान वर्ग त्याहूनही उशिरा. म्हणजे ही काही दोन-चार महिन्यांची गैरसोय नव्हती. इतक्या लांब पल्ल्यात आईने घरी शाळा चालवायची हे शक्य नाही आणि करूही नये.

पहिली-दुसरीच्या मुलाला रोज अर्धा तास मोठ्याने वाचन आणि वीस मिनिटं गणित, एवढं झालं तर बाकीच्या प्रकल्पांना खुशाल सुट्टी द्या. फोन एक आणि मुलं दोन असतील तर मोठ्याच्या वर्गाला फोन, धाकट्याला टीव्ही. जुलै २०२०पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी टिलीमिली ही मालिका लागायची, तिचा आम्हाला फार आधार झाला. तेवढा वेळ फोन मोकळा राहायचा. शिक्षकांना स्पष्ट कळवा, "सकाळी दहाच्या आधी गृहपाठ पाठवता येणार नाही." बहुतेक बाई समजून घेतात. त्याही घरी मुलं सांभाळत शिकवत असतात.

घरकाम वयाप्रमाणे द्या. पाचव्या वर्षी मटार सोलणं, ताटं-वाट्या मांडणं. आठव्या वर्षी स्वतःचं ताट घासणं, घड्या घालणं. बारा-तेराव्या वर्षी कुकर लावणं आलंच पाहिजे, मुलग्यालाही. पहिल्यांदा शेजारी उभं राहा, शिट्टीची आणि वाफ जिरण्याची गोष्ट नीट समजवा, मग बाहेर जा. कामाचे पैसे देऊ नका. आम्ही भांड्यामागे दोन रुपये सुरू केले होते. तिसऱ्या दिवशी मुलगा चमचे वेगळे मोजायला लागला.

सातवी पायरी: ऑफिसला लेखी सांगा

"मॅनेज करते सर" हे आपलं पेटंट वाक्य. त्याने होतं काय, तर साहेबांना वाटतं सगळं आलबेल आहे, आणि कामगिरीचा आढावा निघतो तेव्हा फक्त उशिरा गेलेले मेल दिसतात. सबब सांगू नका, वेळा सांगा. मी पाठवलेला मजकूर साधारण असा होता:

"शाळा बंद असेपर्यंत मी सकाळी ६ ते ८ आणि दुपारी २ ते ५ सलग उपलब्ध आहे. ११ ते १ या वेळात मेल बघेन, पण कॉल घेऊ शकणार नाही. रोजचं ठरलेलं काम याच वेळेत पूर्ण करेन. टीमची मीटिंग ११ऐवजी ३ वाजता घेता येईल का?"

माफी नाही, मुलांची वर्णनं नाहीत, एक नेमकी मागणी. मीटिंग तीनला गेली. टीममधल्या दोन बाप माणसांनी नंतर हळूच आभार मानले, त्यांनाही अकराची वेळ नकोच होती.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली (पहिल्या दोन मुलांसाठी), पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आली, आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करण्याची मुभा परस्पर संमतीने देता येते असं नमूद झालं. "देता येते" म्हणजे हक्क नव्हे, पण मागायला आधार आहे. राज्य सरकारी नोकरीत असाल तर २०१८पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. ती कशी मिळते ते आस्थापनेत आधीच विचारून ठेवा, गरज पडल्यावर नव्हे.

ज्यांना घराबाहेर जावंच लागतं

वरचं बरंचसं वर्क फ्रॉम होमवालीसाठी झालं. आमच्या मजल्यावरच्या नर्स ताई पहिल्या दिवसापासून कामावर होत्या. १५ जून २०२०ला अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी लोकल सुरू झाल्या, तोवर बसचे हाल. त्यांचं शहाणपण दोन वाक्यांचं होतं: ड्यूटीच्या दिवशी घराचं एकही खातं माझ्याकडे नाही, आणि वॉर्डातून मी घर चालवत नाही. फोन फक्त दुपारी एकदा, तोही मुलाशी बोलायला. दाराबाहेर साबणपाण्याची बादली, आल्यावर कपडे त्यात, थेट अंघोळ, मग चहा. चहा आयता. एसटीत, बँकेत, पोलिसांत असाल किंवा आरोग्य खात्याच्या आशा सेविका म्हणून दारोदार फिरत असाल तरी हेच लागू. आठवड्याची समसमान वाटणी इथे चालत नाही. कामाच्या दिवशी शून्य आणि सुट्टीच्या दिवशी बेताचं.

एकट्या आईला खातं द्यायला घरात कोणी नसतं. तिने इमारतीतली दुसरी एक आई गाठावी आणि दोन घरांचा एक गट करावा. एक दिवस दोन्हीकडची मुलं हिच्याकडे, एक दिवस तिच्याकडे. साथीत घरं जितकी कमी मिसळतील तितकं बरं, म्हणून दोनच.

फ्रिजवरचा कागद

एप्रिल २०२१. इस्त्रीचं टेबल पुन्हा उघडलं होतं आणि मला ताप आला. बेडरूममध्ये मी एकटी, बाहेर चौघं. तेव्हा सर्वांत कामाला आला तो फ्रिजवर चिकटवलेला एक कागद: सासूबाईंच्या गोळ्या कुठल्या आणि किती वाजता, फॅमिली डॉक्टर, विम्याचा पॉलिसी नंबर, गॅसचा ग्राहक क्रमांक, शाळेचे पासवर्ड, कोणाला कशाची ॲलर्जी. माझ्या डोक्यातलं घर जेवढं कागदावर आलं होतं, तेवढंच चालू राहिलं. मुलीचा चष्म्याचा नंबर लिहायचा राहिला होता. नेमका तेव्हाच चष्मा तुटला.

ऑक्सिमीटर घरात असू द्या. बोट गरम, नखाला रंग नाही, पाच मिनिटं शांत बसून मग आकडा लिहा. ९४च्या खाली उतरला तर वाट न बघता डॉक्टर. आणि ताप उतरल्यावर चौथ्या दिवशी ओट्यापाशी उभं राहू नका. मी राहिले, आणखी आठवडा गेला. शरीर सावरूनही मन सावरत नसेल, रडू थांबत नसेल, तर आता १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं.

मावशींचं काय?

त्याही नोकरी करणाऱ्या आया. आमच्या मावशींच्या घरी दोन मुलं, एक फोन आणि रिचार्जला पैसे नाहीत. आम्ही दोघींचा पगार पूर्ण दिला. फार काही केलं असं नाही, लोकल पास आणि बाहेरचं खाणं वाचलं होतं, त्यातूनच गेला. मात्र इमारतीत अनेकांनी दिला नाही. एप्रिल २०२१मध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत घरेलू कामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले, तेव्हा आमच्या मावशींची नोंदणीच नव्हती. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८चा. तोवर ना त्यांना ठाऊक, ना आम्हाला. तुमच्या मावशींची नोंदणी आहे का, हे या आठवड्यात विचारा. फॉर्म भरायला शेजारी बसा.

शेवटची पायरी: सगळं उघडल्यावर

२१ ऑक्टोबर २०२०पासून बायकांना ठरावीक वेळेत लोकलने जाता येऊ लागलं, १ फेब्रुवारी २०२१पासून सगळ्यांना वेळा पाळून. माझं ऑफिस फेब्रुवारीत उघडलं. त्याआधी मावशी परत आल्या होत्या. आणि मग गंमत बघा: पंधरा दिवसांत नाश्ता माझ्याकडे आला, भाजी माझ्याकडे आली, कचरा कोणाकडेच राहिला नाही. कोणी ठराव केला नाही, भांडण झालं नाही. "मावशी आहेत ना आता" एवढ्या वाक्यावर अख्खं मंत्रिमंडळ विसर्जित.

म्हणून घर उघडेल त्या आठवड्यात वही पुन्हा काढा. मावशी कुठलं खातं घेणार आणि कुठलं घरातच राहणार ते नावानिशी लिहा. मावशींना सूचना देणं, त्यांच्या सुट्ट्या लक्षात ठेवणं, पगार वेळेवर काढणं हेही एक खातंच आहे. ते आपोआप बाईच्या गळ्यात पडतं, म्हणून मुद्दाम दुसऱ्याला द्या. आम्ही हे एप्रिलपर्यंत लांबवलं आणि मी आजारी पडल्यावर केलं.

आज आमच्याकडे त्यातलं सगळं उरलेलं नाही. मुलगा कॉलेजला गेला तशी भांडी पुन्हा मावशींकडे. रात्रीची पोळी सासूबाईंनी परत आणली, पण ती त्या स्वतः करतात. कपडे मात्र तेव्हापासून नवऱ्याकडेच आहेत. मागच्या पावसाळ्यात त्याने माझा पांढरा कुर्ता मुलीच्या नव्या जीन्सबरोबर टाकला. कुर्ता आता फिकट निळा आहे. मी काही बोलले नाही, तोच घालून ऑफिसला गेले.